दगड नव्हता त्यांचे काय?

आमच्या किल्ले धारूरला पाहुणा आला की त्याला किल्ल्यावर नेतात. तो तटावर चढतो, बुरुजाला हात लावतो, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे दहावीस छायाचित्रे काढतो, आणि इतिहास पाहून झाला असे समजून सीताफळांची पाटी घेऊन घरी जातो. त्यात त्याचे काही चुकत नाही. किल्ला आहेच तसा. १५६७ साली विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने तो बांधला, पुढे तो निजामशाहीकडे गेला, आणि १६३१ साली मोगलांनी तो जिंकून घेतला. जेत्यांनी गावाला फतेहाबाद असे भारदस्त नाव दिले. ते नाव कागदावर राहिले आणि गाव धारूरच राहिले.

माझे भांडण पाहुण्याशी नाही. ते आम्हा गावकऱ्यांशी आहे, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांशी आहे, आणि इतिहास म्हणजे दगड अशी समजूत करून बसलेल्या सगळ्या शहाण्यासुरत्यांशी आहे. किल्ला बांधायला किश्वरखान काही एकटा आला नव्हता. दगड फोडणारे पाथरवट होते, चुन्याच्या घाणीला बैल जुंपणारे होते, पाणी वाहणारे होते, त्यांच्या बायका होत्या, धुळीत खेळणारी त्यांची पोरे होती. ही माणसे रात्री पाठ कोठे टेकत होती? त्यांच्याही आधी या बालाघाटाच्या माथ्यावर जी माणसे पेरीत आणि काढीत होती, त्यांची चूल कोठे होती? त्यांची घरे लाकडाची, कुडाची, मातीची होती. म्हणून ती माणसे जणू नव्हतीच, असे धरून आपण चाललो आहोत.

कोणी म्हणेल, घरेच उरली नाहीत तर शोधायचे काय? हाच प्रश्न इंग्लंडातल्या विद्वानांपुढे शंभर वर्षांपूर्वी उभा होता. त्यांनी त्याचे उत्तर कसे काढले ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. म्हणून वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर समुद्रापार यावे.

रोमन लोकांचे राज्य इंग्लंडातून पाचव्या शतकाच्या आरंभी गेले. त्यांचे दगडी रस्ते, स्नानगृहे आणि तटबंद्या मागे राहिल्या. त्यांच्यामागून जर्मनीच्या किनाऱ्याकडून अँगल आणि सॅक्सन लोक आले. हे लाकडाचे लोक. जमिनीत मेढी पुरायच्या, दोन मेढींच्या मध्ये फळ्या लावायच्या किंवा कुड घालायचा, वर गवताने शाकारायचे, की झाले घर. राजाचा वाडा असला तरी रीत तीच, फक्त मेढी जाड आणि घर लांब. लाकूड कुजले, वर नांगर फिरला, आणि ज्या लोकांवरून त्या देशाला नाव पडले त्यांच्याच घरांचा पत्ता त्या देशाला लागेना.

पण घर गेले तरी घरासाठी खणलेला खड्डा जात नाही. मुरमात एकदा खड्डा घेतला आणि तो पुढे मऊ मातीने भरला, की ती जागा हजार वर्षांनीही शेजारच्या मुरमासारखी होत नाही. तिथे ओल अधिक धरते आणि पिकाची मुळे खोल उतरतात. पाऊसपाणी चांगले असले तर सगळे रान सारखेच हिरवे दिसते. पण पावसाने ओढ दिली की फरक पडतो. सगळे पीक पिवळे पडत असताना त्या खड्ड्यावरची ताटे उंच आणि हिरवी राहतात. याच्या उलट, खाली भिंतीचा पाया असला तर त्याच्यावरचे पीक आधी सुकते आणि खुरटे राहते. याला आपण पीकखूण म्हणू. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. जुन्या उकिरड्याच्या जागेवरची ज्वारी दोन वीत उंच का, हे आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

शेतात उभे राहिले तर एवढेच दिसते, की इथे चार ताटे बरी आहेत आणि तिथे चार बरी आहेत. त्यातला आकार दिसायला वर जावे लागते. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला हे समजावून द्यावे लागत नाही. तीही मधूनमधून उठून उभी राहते, दोन पावले मागे सरते आणि मग म्हणते, एक ठिपका चुकला. विलायतेतल्या लोकांना असे उठून उभे राहायला विमानाने शिकवले. १९२५ साली इन्सॉल नावाच्या वैमानिकाने स्टोनहेंजजवळच्या एका गव्हाच्या रानात एकात एक अशी ठिपक्यांची कडी पाहिली. खणल्यावर कळले की ते एका प्राचीन लाकडी रचनेच्या खांबांचे खड्डे आहेत. क्रॉफर्ड या भूमापन खात्यातल्या माणसाने तर आकाशातून पाहण्याचे एक शास्त्रच उभे केले.

१९४९ साली केंब्रिजच्या सेंट जोसेफ यांनी उत्तरेकडे नॉर्थंबरलंडात येव्हरिंग नावाच्या ठिकाणी, पिकात उमटलेल्या लांब चौकोनांची छायाचित्रे घेतली. आता एक गंमत पाहा. आठव्या शतकात त्याच मुलखात एक विद्वान भिक्षू होऊन गेला. त्याचे नाव बीड; आमच्या जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याने ७३१ साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात लिहिले होते, की एडविन राजाच्या एका खेड्यातल्या वाड्यात धर्मोपदेशक पॉलिनस ३६ दिवस राहिला आणि त्याने जवळच्या नदीत लोकांना बाप्तिस्मा दिला. बाराशे वर्षे ते नुसते पोथीतले नाव होते. होप-टेलर यांनी १९५२ पासून दहा वर्षे येव्हरिंगला खणले, तेव्हा राजाची लाकडी दालने सापडली, आणि सभेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली लाकडी बैठकही सापडली. सगळ्यात मोठे दालन सुमारे २५ मीटर लांबीचे होते. जमिनीवर एक चिरा नव्हता. एका राजवाड्याची साक्ष पिकाने दिली.

आता हीच गोष्ट इथे थांबवली तर आमचे लोक टाळ्या वाजवतील आणि लगेच घात करतील. उद्या ज्वारीच्या रानात एक सरळ रेघ दिसली की परवा वर्तमानपत्रात ठळक मथळा येईल, अमुक राजाचा वाडा सापडला. तेरवा तिथे पाटी लागेल, त्यानंतर वर्गणी गोळा होईल, आणि तो राजा कोणाचा यावरून दोन गट पडतील. म्हणून स्कॉटलंडातल्या बाल्ब्रिडीची गोष्टही सांगितली पाहिजे. १९७६ सालच्या कडक उन्हाळ्यात डी नदीच्या काठच्या एका रानात असाच एक भला मोठा चौकोन छायाचित्रात आला. येव्हरिंगच्या दालनांशी त्याचा तोंडवळा जुळत होता. साहजिकच जाणकारांना वाटले, हे त्याच काळातले एखाद्या सरदाराचे घर. पुढे खणले, जळके लाकूड आणि जळके धान्य हाती लागले, त्यांचे वय मोजले. घर निघाले जवळजवळ पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचे, नवाश्मयुगातले! अंदाजात साडेचार हजार वर्षांचा फरक.

ज्यांना टिंगल करायची त्यांनी खुशाल करावी. मला मात्र त्या अंदाजात एका शब्दाची थोरवी दिसते. तो शब्द म्हणजे ‘संभाव्य’. छायाचित्र पाहून तिकडचा जाणकार सॅक्सन इमारत असे म्हणत नाही, संभाव्य सॅक्सन इमारत असे म्हणतो. लांबी रुंदीच्या दुप्पट आहे का, लांब बाजूंच्या मध्यावर समोरासमोर दारांची जागा मोकळी दिसते का, शेजारी लहान खड्डेघरांचे ठिपके आहेत का, एवढे तपासतो आणि तरीही संभाव्यच म्हणतो. कारण छायाचित्राला आकार कळतो, वय कळत नाही. ‘संभाव्य’ म्हणणे याला आमच्याकडे कच खाणे समजतात. खरे पाहता तीच हिंमत आहे. मी पाहिले आहे, पण मला अजून माहीत नाही, असे चारचौघांत म्हणायला छाती लागते. आम्हाला दोनच गोष्टी येतात, डोळे मिटून घेणे किंवा आरोळी ठोकणे. या दोहोंच्या मधली जी जागा, तिथे शास्त्र राहते.

आता हरकती घेऊ. पहिली हरकत जाणत्यांची आहे. ते म्हणतात, हे विलायतेतल्या वाळूगोट्याच्या जमिनीत जमते. तुमची काळी कापसाची जमीन ओल धरून ठेवते, तिच्यात पीकखुणा कसल्या उमटणार? हरकत वजनदार आहे. पण इंग्लंडातही चिकणमातीच्या मुलखाबद्दल असेच म्हणत होते, आणि फार कोरड्या वर्षांत त्या मुलखानेही आपले पोट उघडे केले. शिवाय आमचा सगळा मुलूख काही पुरुषभर काळ्या मातीचा नाही. बालाघाटावर हलकी, बरड, वीतभर मातीखाली मुरूम लागणारी राने कितीतरी आहेत. त्यांत पावसाच्या मागे राहिलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. त्या ज्वारीला तिच्या आयुष्यात बहुधा पाऊस दिसतच नाही. ओल संपत आली, ताटे निसवली, की कोणत्या ताटाखाली किती ओल आहे याचा हिशेब रानावर उघड मांडला जातो. आणि कोरड्या वर्षांचे म्हणाल तर त्या बाबतीत आम्ही कोणाला हार जाणार नाही. १९७२ चा दुष्काळ घराघरात सांगितला जातो. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. दुष्काळाने आमचे इतके नेले. त्याच्याकडून एवढी एक गोष्ट वसूल करून घेऊ नये काय?

दुसरी हरकत थोरामोठ्यांची आहे. आपल्याकडे वेरूळ आहे, देवगिरी आहे, मग खोपटांचा इतिहास कशाला? याला उत्तर द्यायला मला विलायतेत जावे लागत नाही, पुणे जिल्ह्यापर्यंत गेले तरी पुरते. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे राजवाडा नव्हता. मेढींचे खड्डे होते, सारवलेल्या जमिनी होत्या, चुली होत्या, धान्याच्या कणग्यांच्या जागा होत्या. अशी शंभराहून अधिक घरे त्यांनी उलगडली. इसवीसनापूर्वी १४०० ते १००० या काळात माणसे प्रशस्त चौकोनी घरांत राहत होती. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत घरे लहान झाली, गोल झाली, नुसती खोपटी झाली. ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला, की पाऊस कमी होत गेला आणि माणसे गरीब होत गेली. मेढीच्या खड्ड्याचा आकार बदलला त्यावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची कहाणी वाचता आली. मराठवाड्यातल्या माणसाला वेरूळच्या कैलासाइतकीच ही कहाणी आपली वाटू नये काय?

याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या मागेपुढे, आमच्या तालुक्यातली कितीतरी घरे कुलपे लावून ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाजवळ बांबू, चटई आणि पाचटाची कोपी उभी राहते. तिच्यात पाच-सहा महिन्यांचा संसार होतो. हंगाम सरला की कोपी मोडतात आणि मागे चार खड्डे आणि तीन दगडांची काळी चूल राहते. माझ्या वर्गातली मुले त्या कोपीत जातात आणि परत आली की मी त्यांना किश्वरखानाचे साल पाठ करायला लावतो. ही सगळी माणसे उद्याच्या इतिहासात कोठे असतील? दगड मागे ठेवणाऱ्यांचाच इतिहास लिहायचा असे ठरले असेल तर ती कोठेच नसतील. पीकखुणांचे शास्त्र मला प्यारे आहे ते याच कारणासाठी. ते राजाच्या मेढीचा खड्डा आणि कुणब्याच्या मेढीचा खड्डा एकाच नजरेने पाहते.

तिसरी हरकत शेतकऱ्याची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त मान्य आहे. तो म्हणतो, मास्तर, माझ्या रानात काही आहे असे तुम्ही लिहिले की सरकार रानावर दगड रोवील आणि मला विहीरसुद्धा घेऊ देणार नाही. गुप्तधनाची आवई उठली तर रात्रीतून कोणी रान उकरून जाईल ते वेगळेच. ही भीती खोटी नाही. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरचे धन कळवणे भाग आहे, हे पुष्कळांना अर्धवट माहीत असते, आणि अर्धवट माहितीनेच माणसे तोंड मिटतात. म्हणून माझे मागणे नीट ऐका. रान घ्या असे मी म्हणत नाही, पेरू नका असेही म्हणत नाही. फक्त वरून पाहा, नकाशावर नोंद करा, पुढे ‘संभाव्य’ असे लिहा आणि खाली या. पुढे खणायची वेळ आली तर ते जाणकारांनी करावे आणि पिकाची भरपाई आधी शेतकऱ्याच्या हातात ठेवावी.

पाहण्याची साधने नाहीत, ही सबब आता राहिलेली नाही. सेंट जोसेफना विमान लागत होते. आज आमच्या किल्ल्यावर लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी ड्रोन घिरट्या घालतो. २०२१ च्या नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवानाही लागत नाही. कोठे उडवावे आणि कोठे नाही एवढे पाहावे लागते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने गावोगावच्या गावठाणांवरून फिरून घरांच्या हद्दी टिपल्या आणि लोकांच्या हाती मिळकत पत्रिका आल्या. चांगले झाले. पण गावठाणाची हद्द संपली की ड्रोन माघारी वळला. तोच आणखी थोडा पुढे, माघाच्या उन्हात वाळत चाललेल्या ज्वारीवरून एक चक्कर मारून आला असता, तर सरकारचे काय गेले असते? अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रेसुद्धा १९९५ पासून खुली आहेत. त्यांत मेढीचा खड्डा दिसणार नाही. पण सपाटीकरणाच्या आधीची टेकाडे आणि खंदक शोधायला ती उपयोगी पडतात.

सपाटीकरण म्हटले आणि मुद्द्यावर आलो. वेळ फार थोडा आहे. आमच्या भाषेत शेतीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षे माणसे राहिली, त्यांच्या चुलींची राख, भिंतींची माती, गुरांचे शेण एकात एक मुरले, म्हणजे जमीन पांढरी होते. एक अक्षर न शिकलेल्या माणसाने वस्तीची जागा मातीच्या रंगावरून ओळखली आणि तिला नाव दिले. याहून मोठे पुरातत्त्व कोणते? पूर्वी त्या पांढरीची चार पाट्या माती माळवदावर टाकायला नेत. ती गळत नाही म्हणून तिचा मान होता, आणि तेवढ्याने टेकाड झिजत नव्हते. आता जेसीबी येतो, दोन दिवसांत टेकाड ट्रॉल्यांत भरून जाते आणि तिसऱ्या दिवशी तिथे पातळी लावलेले रान असते. हलक्या रानावर तलावाचा गाळ पसरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सोने आहे आणि मी त्याला नको म्हणणार नाही. पण गाळाचा हातभर थर बसला की खालच्या मुरमाची गोष्ट पिकाच्या मुळांना ऐकू येईनाशी होते. ठिबकाची नळी आली, ऊस आला, की रान बारा महिने सारखे हिरवे राहते आणि कायमचे मुके होते. हे सगळे होणारच, आणि व्हावेही. पोटापुढे इतिहास मोठा नाही. म्हणूनच म्हणतो, आधी एकदा पाहून घ्या.

आमच्याजवळ बीड भिक्षूच्या तोडीच्या पोथ्या नाहीत असेही नाही. महानुभावांच्या लीळाचरित्रात तेराव्या शतकातली गावे आहेत. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागा पुढे स्थानपोथीत टिपून ठेवल्या आहेत. देऊळ कोणत्या तोंडाचे, मठ त्याच्या कोणत्या बाजूला, हेही त्यात आहे. गोदाकाठची ती गावे नदीने खाल्ली, सरकली, काही उजाड झाली. एका हातात ती पोथी आणि दुसऱ्या हातात वरून काढलेले छायाचित्र घेऊन बसणारा एखादा तरुण मराठवाड्यात निघू नये, इतके काही आपण दळभद्री नाही.

पुण्यामुंबईहून कोणी येईल आणि हे करील याची वाट मी पाहत नाही. दर तालुक्यातल्या एका शाळेत एक जाड वही ठेवावी. रब्बीला ओढ बसेल त्या वर्षी, ज्वारी हुरड्यात असताना, गावातल्याच एखाद्या पोराच्या ड्रोनने, शेतमालकाला विचारून, शिवाराची छायाचित्रे घ्यावीत. त्यांत जे दिसेल ते मुलांनी गट नंबरासह वहीत उतरवावे, तारीख घालावी, पीक कोणते ते लिहावे, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘संभाव्य’ असे लिहावे. एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. दहा नोंदींतल्या नऊ जुन्या विहिरी, मोडलेले गोठे आणि उकिरडे निघतील, निघू देत. त्या शोधताना मुलांना आपले रान वाचता येईल. दहावी नोंद कदाचित अशा माणसाच्या घराची असेल, की ज्याच्याजवळ मागे ठेवायला एक चिरासुद्धा नव्हता.

त्या वहीची पहिली ओळ या माघात धारूरच्या शिवारात लिहिली जावी, असे मला वाटते. किल्ल्याला त्यासाठी थांबायला सांगू नका. तो साडेचारशे वर्षे थांबलाच आहे. थांबणार नाही तो जेसीबी.